उन्हाळी संशोधन प्रकल्प: टरफलं, निळा रंग आणि आठ आठवडे

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपली की जूनच्या मध्यापर्यंत कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा जवळपास मोकळी असते. प्रॅक्टिकलच्या बॅचेस नसतात, टेबलं रिकामी असतात, ओव्हनसाठी भांडणं नसतात. तीन-चार विद्यार्थी आणि रोज तासभर देणारा एक मार्गदर्शक शिक्षक असला, की एवढ्या काळात एका छोट्या प्रश्नाचं धड उत्तर निघू शकतं. एकाच प्रश्नाचं. हे पहिल्या दिवशी कबूल केलं नाही तर सातव्या आठवड्यात तीन अर्धवट प्रयोग आणि एकही पूर्ण आलेख नाही, अशी गत होते.

खाली एक प्रकल्प नमुना म्हणून घेतला आहे: पाण्यातला मेथिलीन ब्ल्यू हा रंग शेंगदाण्याच्या टरफलांवर शोषून घेणं. तालुक्याच्या कॉलेजातही होईल असा हा विषय आहे. वजनकाटा, ओव्हन, पीएच मीटर, सेंट्रिफ्यूज आणि कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढ्यावर भागतं. पण सोपा दिसतो म्हणूनच तो बहुतेक ठिकाणी चुकीचा केला जातो. द्रावणातला रंग कमी झाला की सगळं श्रेय टरफलांना देऊन लोक मोकळे होतात. रंग नक्की कुठे गेला, हे कुणी विचारत नाही.

आधी प्रश्न

‘शेंगदाण्याच्या टरफलांनी रंग काढणे’ हा मथळा झाला, प्रश्न नाही. टरफलं, लाकडाचा भुसा, नारळाची शेंडी, संत्र्याची साल, कशावरही मेथिलीन ब्ल्यू चिकटतं, हे आधीच खूप जणांनी दाखवलेलं आहे. कारणही ठाऊक आहे. या रंगाच्या आयनावर धनभार असतो आणि वनस्पतीजन्य पदार्थांतल्या कार्बॉक्सिल गटांवर ऋणभार.

आता यातूनच एक प्रश्न काढू. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असतात आणि त्यालाही त्याच जागा हव्या असतात. मग बोअरच्या कठीण पाण्यात टरफलं तेवढाच रंग धरतील का? पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात एकूण कठीणपणा २०० मि.ग्रॅ./लिटरपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा धरला आहे (दोन्ही आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). म्हणजे शून्य ते ६०० हा पट्टा तपासायचा. उत्तर ‘फरक पडत नाही’ असं आलं तरी ते उत्तरच आहे.

प्रश्न तयार झाला की नाही हे ओळखायला एक साधी कसोटी आहे. एकही बाटली उघडण्याआधी शेवटचा आलेख कागदावर काढून बघा. आडव्या अक्षावर कठीणपणा, उभ्या अक्षावर दर ग्रॅम टरफलामागे किती मिलिग्रॅम रंग. अक्षांची नावं लिहिता आली नाहीत तर प्रश्न अजून कच्चा आहे.

आणखी एक पथ्य: उत्तर बाहेरच्या यंत्रावर अवलंबून नको. एक्सआरडी किंवा सेमसाठी (स्फटिकरचना आणि पृष्ठभागाची चित्रं देणाऱ्या यंत्रांसाठी) नमुने दुसरीकडे पाठवले की ते कधी परत येतील याची खात्री नसते, आणि सुट्टी तोवर संपलेली असते. तशी चित्रं मिळाली तर शोभा वाढेल, पण प्रकल्प त्यांच्या जोरावर उभा करू नये.

मार्चआधी करायची कामं

कोटेशन, मंजुरी, ऑर्डर, माल येणं या सगळ्यात तीन-चार आठवडे सहज जातात, आणि ३१ मार्चच्या आसपास ऑफिसला दुसरं काही सुचत नाही. म्हणून यादी फेब्रुवारीच्या शेवटीच द्यावी. मेथिलीन ब्ल्यू २५ ग्रॅमची बाटली पुरून उरते. कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आणि सोडियम क्लोराइड एआर ग्रेडचे (विश्लेषणाला लागणाऱ्या शुद्धतेचे) घ्यावेत. ईडीटीए, एरिओक्रोम ब्लॅक टी, अमोनिया बफर हे कठीणपणाच्या प्रॅक्टिकलसाठी विभागात असतातच. पीएचसाठी ४, ७ आणि ९.२ च्या बफर गोळ्या लागतील. काचसामानात १०० मि.लि.चे बुचाचे कोनिकल फ्लास्क निदान २४, २५ मि.लि.चे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क १२, आणि न गळणारे पिपेट. पिपेट आधी तपासून घ्या. टोक तुटलेला पिपेट स्टोअरमध्ये परत ठेवायची परंपरा सगळीकडे आहे.

ज्यांच्या हातात चाव्या आहेत त्या लॅब अटेंडंटना आणि स्टोअरकीपरना सुट्टीतली वेळ आधी विचारा. त्यांच्या रजा ठरल्यावर आपलं वेळापत्रक बसवायचं, उलटं होत नाही.

टरफलं

अर्धा किलो टरफलं एकदाच आणा आणि सगळी एकाच घाण्यात तयार करा. दुसऱ्या वेळी आणलेली टरफलं वेगळ्या जातीची, वेगळ्या शेतातली निघतात आणि आधीच्या आकड्यांशी जुळत नाहीत.

माती जाईपर्यंत नळाच्या पाण्याने धुवा, मग डिस्टिल्ड पाण्यात उकळा. अर्धा तास उकळून पाणी फेका आणि पुन्हा उकळा. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी येतं. पाणी जवळपास रंगहीन येईपर्यंत थांबू नका, नाहीतर हाच तपकिरी रंग पुढे मोजणीत लुडबुड करतो. उन्हात एक-दोन दिवस वाळवा, मग ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. मिक्सरमध्ये दळताना थांबत थांबत दळा. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि भुगा करपतो. ६० नंबरच्या बीएसएस चाळणीतून खाली पडलेला आणि १०० नंबरच्या चाळणीवर राहिलेला भाग ठेवा. म्हणजे कणांचा आकार १५० ते २५० मायक्रॉनच्या मध्ये येतो. अगदी बारीक पीठ वेगळं काढायचं. त्याचा मोह होतो, कारण ते जास्त रंग धरतं. पण ते द्रावणातून खाली बसत नाही आणि कलरीमीटरला फसवतं. चाळलेला भुगा एकदा डिस्टिल्ड पाण्याने खळबळून धूळ काढा, परत सुकवा आणि डेसिकेटरमध्ये ठेवा.

सल्फ्युरिक आम्लाने टरफलं काळी करून ‘सक्रिय’ करण्याची कृती बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. पहिल्या उन्हाळ्यात त्या वाटेला जाऊ नये. आम्ल टाकताच मिश्रण भसकन तापतं, सल्फर डायऑक्साइड निघतो, आणि नंतर आम्ल पूर्ण निघेपर्यंत धुण्यात आठवडा जातो. ते नीट निघालं नाही की पीएच हातात राहत नाही.

रंगाचं द्रावण आणि प्रमाणरेषा

बाटलीवरचं लेबल वाचा. निर्जल मेथिलीन ब्ल्यूचा रेणुभार ३१९.८५ आणि तीन पाण्यांसहचा सुमारे ३७३.९. दुसऱ्याला पहिला समजून एक ग्रॅम वजन केलं तर प्रत्यक्षात ०.८५५ ग्रॅमच रंग येतो, म्हणजे सुरुवातीलाच साडेचौदा टक्क्यांची खोट. बाटलीतला ओलावाही बदलतो. पण म्हणून रंग ओव्हनमध्ये सुकवून वापरू नका, तापवल्याने तो बिघडतो. वेगळा छोटा नमुना १०५ अंशाला चार तास ठेवून किती टक्के वजन घटतं ते काढा, आणि द्रावणासाठी न सुकवलेला रंग त्या हिशेबाने थोडा जास्त तोला.

साठ्याचं द्रावण १००० मि.ग्रॅ./लिटरचं करा: ०.२५० ग्रॅम शुद्ध रंगाइतकं वजन २५० मि.लि.च्या फ्लास्कमध्ये. बाटलीला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, उजेडात रंग हळूहळू फिका पडतो. यातलं २५ मि.लि. घेऊन २५० मि.लि. केलं की १०० मि.ग्रॅ./लिटर मिळतं. त्याचे ०.५, १, २, ३, ४ आणि ५ मि.लि. वेगवेगळ्या १०० मि.लि.च्या फ्लास्कमध्ये पातळ करा. मि.लि.चा आकडा तोच मि.ग्रॅ./लिटरचा आकडा, त्यामुळे घोळ होत नाही.

स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ६६४ नॅनोमीटरला मोजा, कलरीमीटर असेल तर ६६० चा लाल फिल्टर लावा. १ सें.मी.च्या क्युव्हेटमध्ये ५ मि.ग्रॅ./लिटरचं शोषण (द्रावणाने किती उजेड अडवला त्याचा यंत्रावरचा आकडा) एकच्या थोडं वर येतं. तीव्रता विरुद्ध शोषण या आलेखाची रेषा, म्हणजे प्रमाणरेषा, त्याच्यापुढे वाकू लागते, कारण या रंगाचे रेणू दाट द्रावणात जोडीजोडीने चिकटतात आणि शोषणाचं शिखर ६१० च्या बाजूला झुकतं. म्हणून ५ च्या वरचा कोणताही नमुना थेट मोजायचा नाही. ८ मि.ग्रॅ./लिटर असेल असं वाटलं तर ५ मि.लि.चे २५ मि.लि. करा, मोजा आणि शेवटी पाचने गुणा. हे गुणणं विसरणं ही या प्रकल्पातली सर्वांत जास्त होणारी चूक. वहीत विरलनासाठी वेगळा रकाना आखा, मग विसरायची सोय राहत नाही.

प्रमाणरेषा एकदा काढून महिनाभर वापरायची नाही. पूर्ण रेषा आठवड्यातून एकदा, आणि रोज सकाळी २ व ४ चे दोन नमुने. ते नेहमीच्या आकड्यापासून दोन-तीन टक्क्यांहून जास्त हलले तर त्या दिवशी पुढचं काम थांबवून कारण शोधा. बहुतेक वेळा क्युव्हेटच्या आतल्या भिंतीवर निळी झाक बसलेली असते. ती पाण्याने जात नाही, इथेनॉलने जाते.

रंग गेला कुठे

आता खरा आठवडा सुरू होतो. टरफलं बाजूला ठेवा आणि त्यांच्याशिवाय रंग किती हरवतो ते मोजा.

पहिली चाचणी गाळण कागदाची. ५ मि.ग्रॅ./लिटरच्या द्रावणाचं शोषण मोजा, तेच द्रावण साध्या एक नंबरच्या गाळण कागदातून गाळा आणि परत मोजा. कागद निळा झालेला दिसेल. कागद म्हणजे सेल्युलोज, टरफलाचाच भाऊबंद. म्हणजे गाळून मोजणाऱ्याच्या आकड्यात कागदाने खाल्लेला रंगही टरफलांच्या नावावर जमा होतो, आणि द्रावण जितकं पातळ तितका हा वाटा मोठा. यावर उपाय सेंट्रिफ्यूज: मिनिटाला ४००० फेरे, दहा मिनिटं, आणि वरचं द्रावण पिपेटने हलक्या हाताने काढायचं. सेंट्रिफ्यूज नसेल तर गाळताना पहिले १५ मि.लि. फेकून पुढचं मोजा. तरी कागदाची कोरी चाचणी (टरफलांशिवाय नुसता कागद किती रंग खातो ते मोजणं) प्रत्येक तीव्रतेला करावीच लागेल.

दुसरी चाचणी फ्लास्कची. ५० मि.ग्रॅ./लिटरचं ५० मि.लि. द्रावण टरफलांशिवाय तीन फ्लास्कमध्ये घाला आणि शेकरवर मुख्य प्रयोगाइतकाच वेळ हलवा. काचेवर थोडा रंग बसतो, प्लास्टिकच्या नळ्यांवरही बसतो. किती बसतो ते कळलं की ती वजाबाकी करता येते.

तिसरी उलटी: टरफलं आहेत, पण पाण्यात रंग नाही. नेहमीसारखं हलवून, सेंट्रिफ्यूज करून ६६४ ला वाचन घ्या. शून्याच्या वर आलं तर एक तर धुणं अपुरं आहे किंवा बारीक कण तरंगतायत. दोन्हींतला फरक ओळखायला ७५० नॅनोमीटरला बघा. तिथे मेथिलीन ब्ल्यू जवळपास काहीच शोषत नाही. तरीही वाचन येत असेल तर ते रंगाचं नाही, गढूळपणाचं आहे. पुन्हा सेंट्रिफ्यूज करा.

चौथी चाचणी माणसांची. मार्गदर्शकांनी स्वतः तीन द्रावणं बनवावीत, आकडे झाकून ठेवावेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ‘अज्ञात’ म्हणून मोजायला द्यावीत. सगळ्यांची उत्तरं खऱ्या आकड्याच्या तीन टक्क्यांत येईपर्यंत मुख्य प्रयोग सुरू करू नये. यात दोन-तीन दिवस ‘वाया’ जातात अशी कुरकुर होते. होऊ द्यावी.

मुख्य प्रयोग

वजनापासून सुरुवात. चार दशांश स्थळांचा काटा असेल तर ५० मि.लि. द्रावणाला ०.१०० ग्रॅम टरफलं घ्या. दोन दशांशांचाच काटा असेल तर ०.१ ग्रॅममध्ये दहा टक्क्यांपर्यंत चूक शिरते. मग प्रमाण तेच ठेवून १ ग्रॅम टरफलं आणि ५०० मि.लि. द्रावण घ्यावं. पंखा बंद, काट्याची दारं बंद. कोरडा भुगा कागदाला चिकटून राहतो, म्हणून ओतून झाल्यावर कागदाचं वजन परत घ्या आणि फरक लिहा.

आधी वेळ ठरवायची. १५, ३०, ६०, १२० आणि १८० मिनिटं, प्रत्येकी तीन फ्लास्क, अधिक टरफलांशिवायचे तीन: एकूण अठरा. एकाच फ्लास्कमधून पुन्हा पुन्हा नमुना काढू नका. दर वेळी द्रावण कमी होतं, टरफलं तेवढीच राहतात आणि प्रमाण बिघडतं. पाच मिनिटांचा बिंदू मुद्दाम घेतलेला नाही. दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये टरफलं द्रावणातच असतात, तेव्हा तो ‘पाच मिनिटांचा’ बिंदू खरा पाचचा नसतोच. रंग घटणं कुठे थांबतं ते पाहा, आणि पुढच्या सगळ्या प्रयोगांना त्याच्या दीडपट वेळ द्या.

हिशेब साधा. सुरुवातीच्या तीव्रतेतून शेवटची वजा करा, लिटरमधल्या आकारमानाने गुणा, ग्रॅममधल्या वजनाने भागा. ५० चे ८ झाले, आकारमान ०.०५० लिटर, वजन ०.१०० ग्रॅम, तर दर ग्रॅमला २१ मि.ग्रॅ. ‘शेकडा किती रंग निघाला’ हा आकडा पोस्टरवर छान दिसतो, पण टरफलं वाढवली की तो आपोआप ९९ होतो. त्याने काहीच कळत नाही. टरफलांचं प्रमाण असं ठेवा की ३० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान रंग जाईल.

असं का, ते एका उदाहरणात दिसेल. १०० चे ९६ झाले आणि दोन्ही वाचनांत एकेक टक्का चूक आहे असं धरा. फरक ४ आणि त्यातली चूक सुमारे १.४, म्हणजे पस्तीस टक्के. दोन मोठ्या, जवळजवळच्या आकड्यांच्या वजाबाकीत अचूकता वाहून जाते. दुसऱ्या टोकाला ९९ टक्के रंग गेला की उरलेला एवढा थोडा असतो की यंत्राला तो धड दिसत नाही.

यानंतर १०, २५, ५०, ७५, १०० आणि १५० मि.ग्रॅ./लिटर अशा सुरुवातीच्या तीव्रता घेऊन समतापी वक्र (एकाच तापमानाला द्रावणात उरलेला रंग विरुद्ध टरफलांनी धरलेला रंग) काढा. मग कठीणपणा.

कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ५.८८ ग्रॅम एक लिटरमध्ये म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ४००० मि.ग्रॅ./लिटरचा साठा. हे मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे वजनावर विसंबू नका. साठा दहापट पातळ करून ५० मि.लि. घ्या आणि ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेट करा. २०.० मि.लि. लागले तर साठा बरोबर आहे. आता ५०० मि.लि.च्या पाच फ्लास्कमध्ये रंगाच्या साठ्याचे प्रत्येकी २५ मि.लि. आणि कॅल्शियमच्या साठ्याचे ०, १२.५, २५, ५० आणि ७५ मि.लि. घालून खुणेपर्यंत पाणी भरा. रंग सगळीकडे ५० मि.ग्रॅ./लिटर, कठीणपणा ०, १००, २००, ४०० आणि ६००.

एवढ्यावर थांबलात तर परीक्षक बरोबर बोट ठेवतील: हा परिणाम कॅल्शियमचा की नुसत्या मिठाचा? कुठलंही मीठ वाढलं की भारांमधलं आकर्षण झाकलं जातं. म्हणून सोडियम क्लोराइडची समांतर मालिका लावा. ७.०१ ग्रॅम एक लिटरमध्ये, म्हणजे ०.१२ मोलर, याची आयनिक तीव्रता (आयन किती आणि त्यांच्यावर भार किती याचं एकत्र माप) कॅल्शियमच्या साठ्याइतकीच येते, त्यामुळे आकारमानं तीच वापरता येतात. दोन्ही मालिका सारख्याच उतरल्या तर मिठाचा परिणाम. कॅल्शियमची जास्त उतरली तर कॅल्शियम खरोखर जागा अडवतंय. सगळा प्रकल्प या तुलनेसाठी आहे, बाकीची सहा आठवड्यांची मेहनत ही तुलना विश्वासार्ह व्हावी म्हणून.

दोन्ही मालिका मिळून सत्तावीस फ्लास्क होतात, दोन दिवसांत विभागा. मात्र मिठाशिवायचे तीन फ्लास्क दोन्ही दिवशी लावा, नाहीतर दिवसादिवसातला फरक मिठाच्या नावावर जाईल. फ्लास्कवर फक्त क्रमांक घाला. वाचन घेणाऱ्याला कुठल्या फ्लास्कमध्ये काय आहे ते कळता कामा नये.

पीएच सगळीकडे ७.० च्या आसपास ठेवा, अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी. फॉस्फेट बफर वापरू नका, कॅल्शियमबरोबर साका बसतो. टरफलं टाकण्याआधी आणि शेवटी, दोन्ही वेळा पीएच लिहा, कारण टरफलं स्वतः तो हलवतात. पीएचचा परिणाम वेगळा बघायचा झाला तर १० च्या पुढे जाऊ नका. तीव्र अल्कलीत रंगाचा रेणूच बदलतो, आणि ते टरफलांनी रंग धरला असं समजून मोजलं जातं.

शेवटच्या आठवड्यात खरं बोअरचं पाणी घ्या. बाटली काठोकाठ भरा आणि कठीणपणा त्याच दिवशी मोजा. पाणी उघडं राहिलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं.

मे महिना

अकोला, जळगाव, नागपूरकडे खोलीचं तापमान दुपारी चाळिशीला टेकतं. साध्या वॉटर बाथ शेकरला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. त्यावर ३० अंश लावून उपयोग नाही, तो खोलीइतकाच राहील. सगळे प्रयोग ४० अंशाला करा आणि तसं लिहा. फ्लास्क २७ अंशाला प्रमाणित असला तर ३८ अंशाला पाण्याच्या प्रसरणामुळे सुमारे ०.३५ टक्का फरक पडतो. या प्रकल्पात तो सोडून द्यायला हरकत नाही.

डिस्टिलेशन प्लँटला थंड पाण्याची धार सतत लागते आणि टंचाईत तेच महागात पडतं. ते पाणी पिंपात धरा, टरफलं पहिल्यांदा धुवायला आणि काचसामान विसळायला चालतं. वीज जाण्याच्या वेळा ठाऊक असतील तर शेकरचे प्रयोग त्यांच्या आधी संपवा. मध्येच शेकर बंद पडला तर तो संच बाद धरा.

रंग सांडला की फरशीवर, हातांवर, ॲप्रनवर आठवडाभर राहतो. सुती ॲप्रन, हातमोजे, गॉगल आणि बंद बूट हवेतच. प्रयोगशाळेत एकट्याने काम करायचं नाही. निळं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. एका पिंपात साठवा, त्यातच वापरलेली टरफलं आणि १०० नंबरच्या चाळणीतून गेलेलं बारीक पीठ टाका, दुसऱ्या दिवशी वरचं पाणी जवळपास रंगहीन असतं. निळी टरफलं सुकवून विभागाच्या घन रासायनिक कचऱ्यात द्यावीत.

वही आणि आकडेमोड

बांधीव वही, पानांवर क्रमांक, शाईचं पेन. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, खाडाखोड नाही, पान फाडणं नाही. तीव्रतेचा काढलेला आकडा नव्हे तर यंत्राने दाखवलेलं शोषण लिहा. पुढे प्रमाणरेषेत चूक सापडली तर मूळ वाचनांवरून सगळं परत काढता येतं. बाटल्यांचे लॉट नंबर लिहा. रोज निघण्याआधी त्या दिवसाच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाका. वही हरवते, फोटो राहतात.

तीन फ्लास्कपैकी एक वेगळा आला म्हणून तो गाळायचा नाही. नोंद असेल, उदाहरणार्थ ‘बूच सैल, द्रावण सांडलं’, तरच. नोंद नसेल तर तिन्ही ठेवा किंवा तो संच परत करा.

वक्र जुळवताना एका सापळ्यापासून जपा. समतापी वक्राला लावतात ते लँगम्यूरचं १९१८ चं समीकरण सरळ रेषेत आणण्यासाठी सहसा समतोल तीव्रता (रंग घटायचा थांबल्यावर द्रावणात उरलेली) भागिले शोषलेला रंग विरुद्ध समतोल तीव्रता असा आलेख काढतात. दोन्ही अक्षांवर तीच राशी असल्याने बेताच्या आकड्यांचीही रेषा सुंदर येते आणि सहसंबंध ०.९९ दाखवतो. रंग किती वेगाने धरला जातो ते सांगणाऱ्या द्वितीय-कोटी समीकरणाचं तसंच: समतोल आल्यानंतरचे बिंदू भरपूर घेतले की रेषा सरळ येणारच, तिचा गतीशी संबंध नसतो. एक्सेलच्या सॉल्व्हरने मूळ वक्रच जुळवा आणि प्रत्येक बिंदू वक्रापासून किती दूर पडला ते काढून बघा. ते अंतर एका बाजूला सलग धन आणि दुसऱ्या बाजूला सलग ऋण येत असेल तर समीकरण बसत नाही, सहसंबंध काहीही म्हणो.

अहवाल सहाव्या आठवड्यापासून लिहायला घ्या, कृतीपासून सुरुवात करून. ती तेव्हा ताजी असते. कोऱ्या चाचण्यांचा तक्ता परिशिष्टात ढकलू नका, पहिल्या पानांवर घ्या. पुढे आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेच्या कॉलेज फेरीत पोस्टर लावायचं झालं तर परीक्षकांचे पहिले प्रश्न तिथूनच येतात. पैसे भरा आणि चार दिवसांत पेपर छापून घ्या, अशा जाहिराती याच काळात मेलमध्ये येऊ लागतात. त्या उघडूही नयेत.

उरलेला भुगा हवाबंद बाटलीत भरून लेबल लावा: तयार केल्याची तारीख, चाळणीचे नंबर, किती वेळा उकळला, वहीचा पान क्रमांक. पुढच्या उन्हाळ्यात नवीन मुलांनी तो वापरण्याआधी १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत सुकवावा आणि यंदाचा एक बिंदू, मिठाशिवायचा ५० मि.ग्रॅ./लिटरचा, तीन फ्लास्कमध्ये परत काढून बघावा.